कडेचं पाणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
हतनूरचे सोळा दरवाजे उघडे होते.
फाट्यावरच्या टपरीत
कप आपापल्या बशीत थरथरत होते
आणि चहावाल्याला त्याचं काहीच नव्हतं.

माझ्या खांद्यावर डिक्रूझची काठी.
बांबूची, तीन तुकड्यांची, जोडांना पितळ.
भुसावळच्या शेडमध्ये तो ड्रायव्हर, मी फिटर.
मुलीकडे पर्थला जाताना
क्वार्टरच्या पायरीवर उभा राहून म्हणाला,
"पाना धरतोस तशी धरू नकोस हिला."
एवढंच. आणि तंबाखूच्या डबीत
स्वतः बांधलेल्या अकरा माशा:
कोंबड्याच्या मानेचं पीस, लाल रेशीम,
मोरपिसाचा एक तंतू, आणि आत गळ.
माशासाठी माशी.
मराठीत हे किती सोपं आहे,
त्याला कधी समजावता आलं नाही.

खाली तापी नव्हती.
बैतूलकडची, मेळघाटातली, कुणाकुणाच्या बांधावरची
माती चालली होती उभीच्या उभी.
तिच्यावर एक पळस मुळांसकट,
एक निळी चप्पल,
कुणाच्या तरी बैलाची आरशांची झूल.

मी मध्यावर टाकत राहिलो.
मोठं पाणी तिथं, म्हणजे मोठा मासाही तिथंच,
हा फिटरचा हिशोब.
दरवाजांतून उसळणारा वारा
दोर परत आणून माझ्याच टोपीवर ठेवायचा.
मासे सोडून मी स्वतःला
चार वेळा पकडलं.

उखर्डू शिवदे दगडावर बसून जाळं सांधत होता.
आज त्यानं ते पाण्याला दाखवलंही नव्हतं.
तासभर त्यानं माझी फजिती पाहिली,
मग दातातला दोरा काढून म्हणाला,
"तठी काय टाकू राह्यला भो?
मासा अठी हाये. पायाखाले."

पुरात मासाही दमतो म्हणे.
मध्ये कोण झुंजत बसणार दिवसभर?
तो कडेला येतो,
काल जिथं शेळ्या चरत होत्या तिथं,
बुडालेल्या गवतातून नाकतोडे सुटतात,
मुंग्यांची वारुळं फुटतात,
आणि पाणी विसरल्यासारखं
उलटं, धरणाकडे, हळूहळू फिरतं.

मी दोन पावलं मागं सरलो.
बुडालेल्या तरवडाच्या शेंड्याशी,
काठीभर अंतरावर,
पीस नुसतं ठेवलं.
पहिल्यांदा फेस आला.
दुसऱ्यांदा काडी.
तिसऱ्यांदा दोर थांबला,
झटका नाही, काही नाही,
रात्रपाळीत मागून येऊन
कुणी खांद्यावर हात ठेवावा तसा.

मग चक्री ओरडली.
एकदाच कूस दिसली त्याची,
तांब्याच्या जुन्या घंगाळासारखी,
खवले रुपयाएवढे,
आणि तो प्रवाहात शिरला,
त्याच्या घरी, माझ्या नाही.
काठी कमान. मी पान्यासारखी धरली होती तिला,
माफ कर डिक्रूझ.

तेवढ्यात भोंगा.

उखर्डूनं जाळं गुंडाळलंही होतं.
"सोड."
अजून थोडा, मी म्हणालो.
घोट्याशी असलेलं पाणी पोटरीला आलं होतं.
"थोडा तुह्यापाशी हाये. पान्यापाशी नही. सोड."

मी दोर दातांनी तोडला.
खरं तर तुटता तुटत नव्हता.

वर येऊन वळून पाहिलं,
दगड नव्हता,
तरवड नव्हता,
कड चार हात इकडे सरकली होती
आणि मासे बहुतेक तिच्याबरोबर.

उखर्डूनं डबी मागितली.
एक माशी चिमटीत धरून उजेडात फिरवली.
"बाईच्या हातचं काम दिसते."
ड्रायव्हरचं आहे, मी म्हणालो. इंजिनवाल्याचं.
त्यानं मान हलवली, पटलं नसावं,
आणि न विचारता ती टोपीत खोचली.

पर्थला लिहायचं आहे.
डबीत नऊ आहेत.
एक हतनूरला उन्हात फिरते,
आणि एक कुठं आहे
ते तापीला विचारावं लागेल.